उंबऱ्यापर्यंत

आमच्या समोरच्या काकूंनी रस्त्यावरचा, मार खाल्लेला कुत्रा घरी आणला. कुठे झांज वाजली की तो पलंगाखाली घुसायचा. काकू मूळच्या मालवणच्या; गणपतीत दणदणीत आरती झाली नाही तर त्यांना चैन पडत नाही. म्हणून उन्हाळ्यापासूनच त्या स्वयंपाकघरात बसून वाटीवर चमचा हळूच वाजवायच्या. कुत्र्याने नाक बाहेर काढलं की बिस्किट पुढे सरकवायच्या. ओरडणं नाही, ओढणं नाही.

मी विचारलं, "शिकेल का हा, काकू?"

"तेका काय नाचूचा नाय हा रे. पळान गेलो नाय म्हणजे झाला."

यंदा आरतीला घर भरलं. काकूंनी सगळ्यांच्या हातातल्या झांजा काढून घेतल्या आणि एकच जोड स्वतः, अगदी हळू वाजवला. कुत्रा पलंगाखालून निघाला आणि थरथरत हॉलच्या उंबऱ्याशी येऊन बसला.

"आत बोलवा ना त्याला," काकूंचे जावई म्हणाले.

"नको. आज हयसर इलो, बास झाला."

आरती संपल्यावर पहिला मोदक घेऊन काकू जावयांच्या पुढून थेट उंबऱ्याकडे गेल्या. कोणीतरी पाहुण्याने कुत्रा कोणाचा म्हणून विचारलं. काकूंच्या आधी मीच बोललो, "आमच्या मजल्यावरचा."