दर्याला पाकीट वाचता येत नाही

इनासमास्तर आधी तुमच्याकडे बघायचेच नाहीत. तुम्ही दारात उभे राहिलात की त्यांची नजर तुमच्या हातातल्या वाद्यावर जायची. चर्चमधलं व्हायोलिन असो, ऑर्केस्ट्रातली गिटार असो की गणपतीतला बेंजो. अंगठ्याचं नख तारेवरून एकदा फिरवायचं, कान जवळ नेऊन एकदा छेडायचं आणि निकाल द्यायचा, "ही आयतवारपर्यंत रवतली. सोमवारी माका दोष देव नको." रविवारी संध्याकाळी तार तुटायची. सोमवारी तोच माणूस नवी तार कुठली घेऊ म्हणून परत त्यांच्या पायरीवर हजर.

आणि हीच माणसं बाजारात जाऊन त्यांना 'तारपिसो' म्हणायची. तारांपायी पिसाळलेला. फुकटचा सल्ला घ्यायचा आणि पाठ वळली की वेडा ठरवायचं. त्या माणसांची यादी माझ्याकडे आहे. ती इथे छापत नाही, एवढंच. का छापत नाही ते पुढे कळेल.

मास्तर तरुणपणी बोटीवर बँडमध्ये वाजवायचे. नोकरी संपवून मालवणात परतले ते एक अजब वाद्य घेऊन. पेडल स्टील गिटार. नाव गिटारचं, पण दिसायला टेबल. चार पाय, वर दहा तारा, खाली पायाने दाबायची तीन पेडलं, गुडघ्याशी लोखंडी दांड्या. एसटीच्या टपावरून ते उतरवणाऱ्या हमालाने ओरडून सांगितलं की मास्तरांनी विलायती शिलाई मशीन आणलं. दुसऱ्या दिवशी शेजारची रोझीनमावशी ब्लाउजचं कापड घेऊन आली. मास्तरांनी तिला बसवलं आणि डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवत, पायाने पेडल दाबत, एक अख्खं भजन वाजवून दाखवलं. मावशीने शेवटपर्यंत ऐकलं, कापडाची घडी घातली आणि म्हणाली, "बरां वाजता रे इनास. पण बाही खंय शिवतास?" हा किस्सा मास्तर स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

या वाद्याचं दुखणं म्हणजे तिसरी तार. सगळ्यात बारीक. पेडल दाबलं की ती आणखी ताणली जाते आणि सूर चढतो, सोडलं की उतरतो. एका गाण्यात शंभरदा ताण, शंभरदा ढील. त्यात आमची हवा खारी. घराच्या कड्या जिथे दोन वर्षांत गंजून जातात, तिथे केसाएवढ्या तारेचं काय. म्हणून तारा तपासून घेणं हे मास्तरांचं व्रत झालं. समुद्राकडच्या भिंतीवर त्यांनी खिळ्यांची रांग ठोकली होती. प्रत्येक खिळ्याला एका पाकिटातली तार, खाली पेन्सिलीने तारीख. निळं पाकीट, हिरवं पाकीट, तपकिरी पाकीट. कंपन्यांची नावं कोण लक्षात ठेवतं, आमच्याकडे पाकिटाच्या रंगावरूनच तार ओळखत. पाकिटावर गंज लागणार नाही असं छापलेलं असलं की मास्तर तेवढंच मोठ्याने वाचून दाखवायचे आणि समुद्राकडे हात करायचे. "दर्याक वाचूक येणा नाय गो. तेका पाकीट दाखवन काय उपेग?"

दुसरी परीक्षा पायाची. तार चढवायची आणि तुटेपर्यंत पेडल दाबत बसायचं. मोजायला हातात रोझरीची माळ. एका दाबाला एक मणी. संध्याकाळी वाटेने जाणाऱ्यांना दिसायचं ते एवढंच की मास्तर व्हरांड्यात माळ ओढत बसलेत. एकदा पाद्रींनी उपदेशात त्यांचा दाखला दिला, की बघा, हा माणूस दिवसाला वीस-वीस माळा करतो. मास्तर तिथेच पहिल्या बाकावर होते. मी विचारलं, खरं का नाही सांगितलंत? "सांगलंय मागीर, कबुलीक गेलंय तेवा. पाद्री म्हणालो, कितव्या माळेक तुटली?"

तिसरी परीक्षा कानाची. ऐकणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचे आणि तीन वेगवेगळ्या तारांवर तीच ओळ तीनदा वाजवायचे. मलाही बसवलं. मला संगीतातलं काही कळत नाही, तरी तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा कोणीतरी शेजारी बसून बोलतंय असं वाटलं. तसं सांगितलं. "ती हिरवी. निकेलाची. निकेल बोलता, पोलाद भांडता. पोलाद जास्त टिकता, म्हणान लोक पोलाद घेतत. घरात भांडणारां माणूसच जास्त टिकता." ही हिरवी पाकिटं त्यांना बोटीवरचे जुने सोबती रजेवर येताना आणून द्यायचे. त्यातली निम्मी मास्तर चर्चच्या व्हायोलिनवाल्याला आणि बेंजोवाल्यांना वाटून टाकायचे.

आता माझ्यावर येते. आमची ग्राहकांची एक छोटी संघटना होती. सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायची आणि एसटी स्टँडवर वाटायची. पत्रकं मी लिहायची. रॉकेलमधली भेसळ, दुधातलं पाणी, रेशनवरचा सडका तांदूळ. पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याच्या कानाखाली आवाज निघाला पाहिजे, अशी मला मिळालेली शिकवण. त्या वर्षी बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात लाल पाकीट आलं. वर परदेशी अक्षरं, किंमत स्वस्त, गावठी तपकिरी पाकिटाच्या कितीतरी पट. दुकानाचे मालक, सगळे त्यांना शेठ म्हणत, प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की हीच तार बोटीवर वाजते. बेंजोवाल्या पोरांनी गणपतीच्या वर्गणीतून लाल पाकिटं घेतली आणि विसर्जनाआधी सगळ्या तारा तुटल्या.

मास्तरांनी लाल पाकीट भिंतीवर टांगलं, शेजारी तपकिरी. दोन्ही एकाच आठवड्यात सारखीच गंजली. पेडलवर लाल तार नवव्या माळेत तुटली. तपकिरीही नवव्याच माळेत. हिरवी मात्र, निकेलाची असूनही, तिसाव्या माळेला शाबूत होती. भिंगाखाली धरली तर लाल आणि तपकिरीच्या टोकाचा पीळसुद्धा एकसारखा. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या नावाने पत्रक काढते. त्यांनी भिंतीवरच्या तारखा पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाले, "काढ. पण भितीर आसा तेवढाच लिव. ह्या दुकानातला, औंदाचा लाल पाकीट आणि तपकिरी पाकीट, दोनांतली तार सारकीच. फुडे एक अक्षर नको."

मी ते लिहिलं. वाचून पाहिलं, तर मिळमिळीत वाटलं. म्हणून खाली एक वाक्य जोडलं, "शेठ मागच्या खोलीत बसून गावठी तार परदेशी पाकिटात भरतात, असे इनासमास्तरांच्या तपासात उघड झाले आहे." कुणी भरली होती ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. शेठनी भरली असेल, मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याने भरली असेल, पाकीट छापणाऱ्याने भरली असेल. पण अन्यायाला चेहरा लागतो असं मला शिकवलेलं, आणि शेठचा चेहरा समोर होता.

चार दिवसांनी शेठनी सभा बोलावली. वाचनालयाच्या सभागृहात बाजारातले सगळे, सगळे वाजवणारे. शेठ एरवी दुकानात मालवणीत बोलायचे, त्या दिवशी वकिलासारखं शुद्ध बोलत होते.

"मास्तर, तुम्ही देवभीरू माणूस. मी पाकिटात तार भरताना तुम्ही मला पाहिलंत?"

"नाय."

"दुसऱ्या कोणी पाहिलं?"

"माका म्हायत नाय."

"मग तुमच्या नावाखाली हे छापलंय, ते खोटं?"

मास्तरांनी मान वळवून मी बसले होते तिकडे पाहिलं. रागाने नाही. नवी तार चढवल्यावर ती स्थिर व्हायची ते जशी वाट बघायचे, तसे थांबले. मी उठायला हवं होतं. ते वाक्य माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. आमच्या कार्यवाहांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, म्हणाले, "बस. संघटनेचं नाव जाईल." हात त्यांचा होता. बसणं माझं होतं.

"तां वाक्य खोटां," मास्तर म्हणाले. "पण तार..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. सभागृह हसत सुटलं. मागून कोणीतरी "तारपिसो" म्हणालं, आणि एका खोट्या वाक्याखाली सगळं खरं गाडलं गेलं. लाल पाकीट दुसऱ्या दिवसापासून दुप्पट खपू लागलं. ज्यांच्या तारा तुटल्या होत्या त्यांनीच पुन्हा तीच घेतली. मास्तरांच्या पायरीवर वाद्य घेऊन कोणी आलं नाही. त्यांचा शब्द घ्यायला लोक जिथे जामसंड्यापासून यायचे, तिथे गल्लीतलं कोणी फिरकेना.

डिसेंबरात चर्चचं फेस्त, वर्षाचा सण, आलं. मास्तर दरवर्षी फेस्ताला वाजवायचे. आदल्या सकाळी सराव करताना त्यांची शेवटची हिरवी तिसरी तार तुटली. बोटीवरचं कोणी मार्चपर्यंत येणार नव्हतं. चर्चच्या व्हायोलिनवाल्याच्या पेटीत हिरव्या पाकिटाची एक बारीक तार होती, मास्तरांनीच दिलेली. तिला आता गंज लागला असेल, असं सांगून त्याने पेटी उघडलीसुद्धा नाही. शेठचा गडी मात्र आला, लाल पाकीट घेऊन. शेठनी भेट म्हणून पाठवलंय म्हणाला. मास्तरांनी ते दोन्ही हातांनी परत दिलं. "शेठांका देव बरें करूं म्हण. औंदा नऊ तारांनी वाजवतंय."

त्यांनी नऊ तारांनी वाजवलं. सूर तिसऱ्या तारेपाशी आला की ते वळसा घालून जायचे, जसं वाटेत घर पडलेलं असलं की आपण बाजूने जातो. बहुतेकांना कळलंही नसेल. मला कळलं, कारण मी एकदा त्यांच्या घरी भिंतीकडे तोंड करून बसलेली होते.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. माफीचं भाषण पाठ करून गेले होते, पत्रकासारखं. भिंतीवर एक नवा खिळा होता. त्याला माझं पत्रक टांगलेलं, खाली पेन्सिलीने तारीख. खाऱ्या वाऱ्याने शाई पसरून अक्षरं पुसट झाली होती. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी पत्रकाकडे बोट दाखवलं.

"शेठान गावठी तारेक लाल पाकीट घातल्यान, असां तू लिवलंस. तां मी बघूक नाय. पण माज्या शब्दाक तू लाल पाकीट घातलंस, तां मी बघलंय."

मग त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. एवढंच. ते माझ्यावर ओरडले असते तर मला फार सोपं गेलं असतं.

फेब्रुवारीत ते म्हापशाला मुलीकडे राहायला गेले. 'शिलाई मशीन' पुन्हा एसटीच्या टपावर चढलं. मी स्टँडवर गेले होते. खिडकीतून ते म्हणाले, "खिळे भितीरच ठेवलंय. लागले तर ने." गाडी इन्सुलीच्या रस्त्याला लागली असेल तोवर मी संघटनेच्या खोलीत पोचले होते आणि स्टेन्सिल मशीनला लावलं होतं. कार्यवाहांना विचारलं नाही. पत्रकात चारच वाक्यं होती. या दुकानातलं गेल्या वर्षीचं लाल पाकीट आणि तपकिरी पाकीट यांतली तार सारखीच निघाली. हे इनासमास्तरांनी तपासलं. पाकीट कोणी भरलं हे आम्हाला माहीत नाही. शेठ भरतात हे वाक्य माझं होतं आणि ते खोटं होतं. खाली माझं नाव.

ते मी स्वतः उभं राहून वाटलं. शेठच्या दुकानाच्या पायरीवरही दिलं. शेठनी वाचलं आणि घडी घातली. पुढच्या गणपतीला लाल पाकीट दुकानात दिसलं नाही. ते माझ्यामुळे गेलं, असं मी म्हणणार नाही. मी बघितलेलं नाही. कार्यवाहांनी मला संघटनेतून काढलं, ते मात्र बघितलं.

एक प्रत म्हापशाला पाठवली होती. पोस्टकार्ड आलं, मास्तरांच्या तिरप्या अक्षरात. "पत्रक पावला. खिडकीर टांगलंय. पावसाळो गेलो की सांगतंय."

पावसाळा गेला. कार्ड आलं नाही. नोव्हेंबरात त्यांच्या मुलीचं पत्र आलं, की बाबा सप्टेंबरातच गेले. सामान आवरताना खिडकीच्या खिळ्याला एक कागद सापडला, त्यावर तुमचं नाव आहे. कडा खाल्ल्यात, पण अक्षरं वाचता येतात. पाठवू का?

राहू दे तिथेच, म्हणून कळवलं.