आमच्याच आडनावानं

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ती रोज सकाळी माझ्याशेजारी येऊन बसते. विमा कंपनीत नोकरी करते आणि कथा लिहिते. घरचं काही सांगायला लागली की मध्येच थांबते, "जाऊ दे ना काकू," म्हणते आणि बुटाची नाडी पुन्हा बांधत बसते. ती वैदू समाजातली आहे, हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. कथाही ती टोपणनावानं छापायची.

यंदा भटक्या-विमुक्त समाजातल्या नव्या लेखकांसाठी एक पुरस्कार जाहीर झाला. निवडलेल्यांची खरी नावं पेपरात येणार होती. बरेच दिवस ती नुसती बुटाची नाडी सोडून बांधत बसायची. मग एकदा म्हणाली, "पाठवली कथा, काकू. आमच्याच आडनावानं."

मी विचारलं, "ऑफिसात कळलं तर?"

"पेपरातून कशाला कळायला हवं? काल डबा खाताना मीच वाचून दाखवली. गावोगाव जडीबुटी विकणाऱ्या माझ्या आजीची गोष्ट."

"मग?"

"मग शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, आजी आहे का गं अजून? म्हटलं, आहे ना, अँटॉप हिलला असते."

निकाल अजून लागायचा आहे. रविवारी त्या मॅडम आजीला भेटायला जाणार आहेत, आणि आजीनं ठेवणीतलं लुगडं आत्ताच बाहेर काढलंय.