कौसाला कळलेलं दत्ताचं काम

दवाखान्यात कौसा माझ्याशी शेवटचं बोलली, ते भांडणच होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी सांगत होतो, आमचा पोरगा दत्ता पुण्याला कंप्युटर दुरुस्त करतो. हिला धड उठता येईना, तरी म्हणाली, "अहो, किती येळा सांगू? तो दुरुस्त न्हाई करत. कळत नसंल तर गप बसत जा." मी गप बसलो. दुपारी ती गेली. दीड महिना झाला...

साऱ्या वडीगोद्रीला मीच तसं सांगून ठेवलं होतं. मी चौथी शिकलेला, मेंढरं राखण्यात जन्म गेला. पोरगं कंप्युटरपुढं बसतं म्हणजे दुरुस्तच करत असणार. मग दत्ता दिवाळीला आला की लोक बंद मोबाईल, टीव्हीचा रिमोट, एकदा तर पिठाच्या गिरणीचा स्टार्टर घेऊन दारात. तो वैतागून म्हणायचा, "आबा, हे माझं काम न्हाई."

"मंग तुझं काम दाखव की."

"ते दिसत न्हाई, आबा."

इथं माझं डोकं फिरायचं. दिसत नाही ते कसलं काम? एकदा त्यानं कागदावर चौकोन अन् बाण काढून तासभर समजावलं. मी त्याच कागदात तंबाखू बांधली. त्यानं ते बघितलं, अन् पुन्हा मला कधी सांगायला बसला नाही. मायशी मात्र रोज फोनवर गप्पा. काय बोलता, विचारलं की ही म्हणायची, "तुम्हाला सांगून काय फायदा?"

दहाव्याला तर हद्द झाली. दत्ता डोकं भादरून बसलेला, अन् भावकीतला एक जण पिशवीत प्रिंटर घालून आला. "आलाच हायेस तर बघ जरा." मी त्याला वाटेला लावलं, पण त्याच्यापेक्षा माझा मलाच जास्त राग आला. मी शिकवलेलंच तो बोलत होता.

लोक पांगल्यावर दत्ताला म्हणलं, "मायला काय सांगायचास रे एवढं? मला सांग."

तो म्हणाला, "हजारो लोक एकदमच मोबाईलवर काहीबाही मागतात. ज्याचं उत्तर त्यालाच बराबर जावं, हे बघतो मी. माय म्हणली, म्हंजी सांजंला कोकरं सोडल्यावानी. ज्याला त्याच्या आईखाली प्यायला लावायचं. चुकलं की मेंढी ढुशी देती."

जन्मभर माझ्या मेंढरांची कोकरं तिनंच लावली. शंभर कोकरं ओरडत सुटायची, अन् ही एकेकाचं तोंड बघून आईपाशी न्यायची. मी काठीला टेकून उभा. ते तर डोळ्यांपुढं होत होतं, तरी ते काम आहे असं कधी वाटलं नाही मला.

तिचा फोन आता माझ्याकडं आहे. रेंज परसातल्या दगडावरच येते. बसायला तिनं टाकलेलं पोतं तिथं तसंच आहे. सांजेला दत्ताचा फोन आला की मी त्यावर बसतो. तो सांगतो, अर्धं डोक्यावरून जातं, अन् मी चिडतोच. "सावकाश सांग रे, मायला सांगायचास तसं."

तो पुन्हा पहिल्यापासून सांगतो.