थेंबकाकांची पंपाची जोडी

थेंबकाका म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. डोळ्याला भिंग अडकवायचं, सुईच्या टोकावर तेलाचा एक थेंब घ्यायचा, तो चाकाला नुसता टेकवायचा आणि सुई लगेच मागे घ्यायची, हे त्यांनी उभा जन्म केलं. "तेल म्हणजे औषध, जेवण नव्हे," असं ते म्हणतात. घड्याळाच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं असेल, मी कशाला वाद घालू. पण काकांनी तोच नियम दाराच्या बिजागऱ्यांना लावला, शिलाई मशीनला लावला, स्वतःच्या डोक्याला लावला आणि शेवटी आपल्या मोटारसायकललाही लावला. डोक्यावर आता तेल लावण्याजोगं काही उरलेलं नाही, तो विषय सोडून देऊ.

मावशी बरोबर उलट्या टोकाची. बाजाराच्या तोंडाशी तिची तळणाची गाडी आहे. एवढी थोरली कढई, हातात झारा, आणि तेल ओतताना हात आखडता घेणं तिला माहीतच नाही. हे लग्न जमवलं कोणी, ते आमच्या घरात आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

मोटारसायकल जुनी, एकाच सिलिंडरची. दर रविवारी दोघं तिच्यावरून आमच्याकडे येतात. माझी आई मावशीची धाकटी बहीण. मावशी पहाटे कामाला निघते, काका रात्र पडल्यावर दुकानातून परततात, त्यामुळे आठवडाभराचं बोलणं ते दोघं रविवारसाठी साठवून ठेवतात आणि गाडीवर बोलतात. काका मान वळवून बोलतात, मावशी मागून "समोर बघा" म्हणते. त्यांचा संसार खरा चालतो तो तिथे.

अडचण एकच. आमचं घर चढावर आहे. सपाटीवर गाडी झकास पळते. चढ लागला की इंजिन तापतं आणि पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर पिस्टन चिकटून गाडी उभी राहते. मग मावशी मागून ढकलणार आणि काका हँडल धरून सूचना देणार. तिला याची इतकी सवय झाली होती की वळणावर काकांनी गिअर पाडला की तिचे पाय आपोआप जमिनीला लागायचे. गाडी बंद पडायच्या आधीच बाई उतरलेली असायची.

एका रविवारी ती घामाघूम होऊन आमच्या पायरीवर बसली आणि तिने कानाला खडा लावला.

"लोक म्हणतात मी गाडीवरून येते," ती म्हणाली. "मी कसली गाडीवरून येते, मी गाडीला घेऊन येते. यापुढे मी बसने येणार. बसला ढकलावं लागत नाही."

"अगं, इंजिन जुनं आहे," काका म्हणाले.

"तेल कमी आहे. तेल कमी पडलं की चिकटतं. रोज बघते मी कढईत."

"इंजिन म्हणजे कढई नव्हे."

"आणि घड्याळही नव्हे."

काकांचा चेहरा पडला. दुसऱ्याच दिवशी ते बारा-तेराकडे गेले. हा आमच्या चढावरचा मेकॅनिक. कुठलंही काम तो बारा-तेराचा पाना हातात घेऊनच सुरू करतो, म्हणून हे नाव. याने गॅरेज बरोबर त्या वळणाखाली टाकलंय, यावरून त्याची हुशारी ओळखा.

"काका, या इंजिनात तेलाचे दोन पंप असतात," तो म्हणाला. "एक टाकीतलं तेल वर पिस्टनकडे पाठवतो, दुसरा खाली साठलेलं तेल ओढून परत टाकीत आणतो. दोन्ही मुळातच लहान आहेत. मोठ्या पंपांची जोडी मिळते. बसवू का?"

काकांनी जोडी घेतली, पण बसवायला त्याला दिली नाही. दुसऱ्याने उघडलेलं यंत्र त्यांना चालत नाही. आठवडाभर अंगणात चादर पसरून, भिंग लावून त्यांनी काम केलं. मावशीने एक शेवटची संधी दिली आणि रविवारी मागे बसली.

वळणावर गाडी उभी. मी आणि आई वरून धावत खाली गेलो, बारा-तेरा खालून वर आला.

"असं कसं होईल?" तो डोकं खाजवत म्हणाला. "काका, दोन्ही पंप बसवलेत ना?"

काका टाकीकडे बघू लागले. इंजिनच्या नव्हे, पाण्याच्या.

"काका?"

"एक बसवला," काका म्हणाले. "परत आणणारा. म्हटलं, पाठवायचं जुन्या मापानेच पाठवावं. उगाच जास्त गेलं तर निदान झटपट परत तरी येईल."

बारा-तेराने हातातला पाना खाली ठेवला. मी त्याला पहिल्यांदाच रिकाम्या हाताने पाहिलं.

मावशीने कपाळ पुसलं. "देणारा पंप लहान आणि परत घेणारा मोठा," ती म्हणाली. "हे इंजिन नाही, हा माझा नवरा आहे." आणि उरलेला चढ ती एकटीच चढून गेली. गाडी मी ढकलली.

पुढचे रविवार ती बसने आली. काका मागून गाडीवर एकटे यायचे, घामाने निथळत, कारण आता ढकलणारे आणि सूचना देणारे तेच होते. दोघं आमच्याकडे समोरासमोर बसायचे आणि मीठ दे, पाणी दे यापलीकडे बोलणं नाही. मला राग यायचा. एका लोखंडाच्या तुकड्यासाठी माणसं अशी मुकी होतात. मी काकांना सरळ विचारलं, "तो दुसरा पंप बसवत का नाही तुम्ही?"

"भीती वाटते गं," ते म्हणाले. "तेल जास्त झालेली घड्याळं मी फार पाहिली आहेत." मग म्हणाले, "पण गाडीवर आता पाठीला गार वारा लागतो. मागे कोणी नसलं की लागतो तो."

त्या आठवड्यात त्यांनी दुसरा पंप बसवला. मी होते तिथे. मावशी दारात झारा घेऊन उभी होती, आपलं काही देणंघेणं नाही असा चेहरा करून. बारा-तेराने सांगितलं होतं, इंजिन चालू असताना तेलाच्या टाकीचं झाकण काढून बघा, तेल परत येताना दिसलं म्हणजे काम झालं. काकांनी गाडी चालू केली, झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि थेंब शोधायला वाकले.

थेंब कुठला. तेलाची धार थेट भिंगावर आली. तिथून कपाळावर, कपाळावरून टकलावर, टकलावरून कानांत. काका "पुरे, पुरे" म्हणत चाचपडत इंजिनचं बटण शोधत होते आणि बंद करायचं सोडून हॉर्न वाजवत होते.

"लागू दे जरा," मावशी दारातून म्हणाली. "किती वर्षं कोरडा राहिलाय हा माणूस."

मग तिनेच गाडी बंद केली आणि फडक्याने त्यांचं तोंड पुसलं. टक्कल दोनदा पुसलं. "रविवारी बसते," ती म्हणाली. "एकदाच."

रविवारी आई आणि मी दारात उभ्या. लांबून गाडीचा आवाज आला. वळणापाशी तो जरा मंदावला आणि पुन्हा वाढला. गाडी चढून आली. काका मान वळवून मोठमोठ्याने बोलत होते, "आणि मी त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, घड्याळ नाही, तुमचं मनगट बिघडलंय. काय म्हणतेस?"

मागे कोणी नव्हतं.

"ताई कुठे?" आईने विचारलं.

काकांनी सीटवर हात फिरवून पाहिला, जणू मावशी तिथे कुठेतरी सांडली असेल. मग त्यांनी मागचा रस्ता पाहिला आणि गाडी वळवली. चढ चढल्यावर आल्यापावली खाली जाण्याची छाती त्यांना आजवर कधी झाली नव्हती. गाडी पुन्हा वर येईल याचा भरवसाच नसायचा.

मी कठड्याशी धावले. खाली वळणावर मावशी उभी होती. काकांनी गिअर पाडला होता आणि तिचे पाय सवयीने जमिनीला लागले होते. दोन्ही हात ढकलायला पुढे केलेले, आणि ढकलायला समोर काहीच नाही. मी पोट धरून हसले, खोटं कशाला सांगू.

काका तिच्यापाशी थांबले. ती बसली, या खेपेला त्यांच्या कमरेला घट्ट धरून. गाडी दुसऱ्यांदा चढ चढून आली आणि काकांनी गिऱ्हाइकाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती.

दारात उतरल्यावर काका टाकीचं झाकण काढून आत बघू लागले, चांगले हातभर लांबून. मी मावशीला विचारलं, "मग? कसे आहेत नवे पंप?"

"पाठवणारा बरा आहे," मावशी केस नीट करत म्हणाली. "पण परत आणणारा, तो खरा कामाचा."