सुभेदारांची पांढरी लादी

माझे चुलते सुभेदार म्हणून निवृत्त होऊन रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी ट्रंक, एक वळकटी आणि लघवीविषयी काही ठाम मतं आली. ट्रंक माळ्यावर गेली. मतं मात्र गावभर वाटली गेली.

वाळवंटातल्या पलटणीत कुणा डॉक्टरानं त्यांना शिकवलं होतं, की जवानाच्या अंगात पाणी किती आहे हे त्याला विचारू नये, त्याच्या लघवीला विचारावं. फिकी असेल तर ठीक. गर्द पिवळी असेल तर तांब्याभर पाणी प्यावं. चहासारखी झाली तर दवाखाना गाठावा. यात चुकीचं काही नव्हतं. पण खरी गोष्टही फार अधिकारवाणीनं सांगितली की ऐकणाऱ्याला संशय येतो. गोठ्यामागच्या मुतारीत त्यांनी साताऱ्याहून आणलेली चिनी मातीची पांढरी लादी बसवली होती, रंग स्वच्छ दिसावा म्हणून. आमच्या देवघराला शेणाची जमीन होती आणि मुतारीला लादी. चुलती आल्यागेल्याला सांगायची, "आमच्यात मुताय जायचं म्हंजे परीक्षेला बसल्यागत हाय."

वासातही त्यांची गती होती. मी तेव्हा साताऱ्याला एका शाळेत मास्तर होतो आणि शनिवारी गावी यायचो. एकदा शेजारचा गडी मुतारीतून बाहेर पडला, तर हे दारात उभे.

"काल मेथी खाल्लीस व्हय रं?"

"व्हय आबा. कसं वळखलं?"

"वास सांगतो, गड्या. पोटात गेल्यालं कुठं लपत न्हाई."

तो गडी पुन्हा कधी आमच्या मुतारीत गेला नाही.

फौजेतून आणखी एक गोष्ट त्यांनी आणली होती, ती म्हणजे बीट. ते त्याला चुकंदर म्हणत. चुकंदरानं रक्त वाढतं, हेही त्या वाळवंटातल्या डॉक्टराचंच मत. घरामागच्या वाफ्यात त्यांनी बिटं लावली, आणि थंडीत ती तयार झाल्यावर रोज थाळीभर कापून, मीठ-लिंबू लावून खाऊ लागले. चुलतीला त्याला मातीचा वास यायचा. मला ते आवडत नव्हतं. त्यामुळे सगळं पीक ते एकटेच खात.

एका शनिवारी मी गावी पोचलो तर त्यांनी मला गोठ्यामागे नेलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, रक्त जातंय."

लादी मी पाहिली. लालसर होती खरी. मी पुस्तकं पुष्कळ वाचली होती. घाबरायला पुरेल इतकी, उपयोगाला येईल इतकी नाही. मी म्हणालो, "साताऱ्याला दाखवू."

"दाखवू. पर आधी पोरीचं बघाय पायजे."

पोरगी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, सांगलीला शिक्षिका व्हायचा अभ्यास करत होती. शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात परीक्षा. पाटणकडचं एक स्थळ तिला सांगून आलं होतं, ते लोक माघातच लग्न उरकायला तयार होते, पण सुनेला परीक्षेला पाठवणारे नव्हते. इतके दिवस आबा त्यांना थांबवत होते. आता आपणच फार दिवस थांबत नाही असं वाटून आबांनी होकार कळवला.

मग आम्ही डॉक्टरकडे गेलो. तपासणी म्हणजे त्यांच्या लेखी इन्स्पेक्शन. मळलेल्या वर्दीनं इन्स्पेक्शनला जायचं नसतं. म्हणून ते दोन दिवस आधीच माझ्या खोलीवर मुक्कामाला आले, खानावळीतलं पिठलं-भाकरी खाल्ली, घागरभर पाणी प्यायले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून बाटली दिली. बाटलीत काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "सुभेदारसाहेब, तब्येत ठणठणीत आहे."

बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, "दुश्मन लपलाय. डॉक्टर नवा हाय, त्येला दिसला न्हाई."

गावी परतल्यावर त्यांनी गेलेलं रक्त भरून काढायचं ठरवलं. एका थाळीच्या दोन थाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी लादी पाहून ते मटकन ओट्यावर बसले.

मुलगी निरोप मिळताच सांगलीहून आली. मीही होतो. तिनं सरळच विचारलं, "आबा, परीक्षा हुईपर्यंत थांबलं तर काय बिघडतंय?"

"तवर मी नसलो तर?"

रात्री जेवताना आबा एकटेच लाल थाळी पुढे घेऊन बसले होते, चेहरा उतरलेला. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं त्यांच्या थाळीतल्या निम्म्या फोडी आपल्या ताटात ओढल्या आणि खाल्ल्या.

सकाळी ती माझ्याकडे आली. चेहरा पांढरा पडलेला.

"दादा, मलाबी तसंच झालंय."

मग ती बोटांवर मोजू लागली. "मी कालच आले. पाणी सगळ्यांनी एकच प्यालं. भाकरी एकच. आईला काय न्हाई, तुला काय न्हाई." आणि बोलता बोलता ती थांबली. आम्ही दोघांनीही एकदमच घरामागच्या वाफ्याकडे पाहिलं.

चुलती चुलीपुढे भाकरी थापत होती. तिथंच मुलगी वडिलांना म्हणाली, "आबा, आजपास्नं बीट बंद."

"रक्त जातंय आन बीट बंद?"

"मेथीचा वास लागतो म्हनून तुमीच गावाला सांगता. मग बिटाचा रंग लागंल का न्हाई?"

चुलतीनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आवं, म्हंजे तुमी वाफाच मुतत हुता व्हय."

दोन दिवसांत लादी पांढरी झाली. मग त्यांनी मुद्दाम एक थाळी पुन्हा खाल्ली, रंग पुन्हा आलेला पाहिला आणि मान हलवली. स्वतःच्या फजितीची फेरतपासणी करणारा दुसरा अधिकारी मी पाहिलेला नाही. मी खाऊन पाहिलं, मला काहीच झालं नाही. सगळ्यांना होतं असं नसावं.

प्रश्न उरला पाटणच्या पाहुण्यांचा. रविवारी ते तारीख ठरवायला बैठकीत येऊन बसले. आबांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. चहाचा ट्रे तिच्या हातात तसाच राहिला होता.

"लग्न परीक्षेनंतर," आबा कवायतीच्या आवाजात म्हणाले.

मुलाचे वडील चमकले. "तुमीच घाई केलीसा. तब्येतीचं कायतरी म्हनला हुता."

आबांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा काही उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतंच. शेवटी ते म्हणाले, "लघवी लाल हुत हुती. बीट खाल्ल्यानं."

मुलाचे वडील मान खाली घालून टोपीशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या थोरल्या भावाची गेल्या साली केशरी झालती. गोळ्या चालू हुत्या, त्येचा रंग. डॉक्टरनं सांगितलंच न्हवतं. मराय टेकलो म्हनून त्येनं पोरांस्नी जमीन वाटून दिली."

"मग?" आबांनी विचारलं.

"आता तब्येत झ्याक हाय. जमीन कोन परत देईना."

मुलाच्या वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "परीक्षा हुंद्या. घाईत केल्यालं परत घेता येत न्हाई." दारातून चहा आला.

जाताना त्यांनी आबांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, आणि दोघं मिळून गोठ्यामागे लादी बघायला गेले.