मंगळवेढ्याचं पेव

सोलापुरातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी शाश्वत विकास शिकवते. शाश्वत म्हणजे पुढच्यांनाही पुरेल असं जगणं, हे सांगून सांगून माझा घसा बसायचा, आणि पोरी मोबाइलमध्ये. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाई मावशी बाटल्या विसळता विसळता ज्वारीबद्दल, कडब्याबद्दल काही बोलल्या, की त्याच पोरी त्यांच्याभोवती गोळा! खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. एम.एस्सी. मी केली, आणि कौतुक हिचं?

त्यातून पोरींनी हट्ट धरला, सहल मावशींच्या माहेरी, मंगळवेढ्याकडे न्यायची. पेव बघायला. पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. ना वीज लागत, ना औषध. माझ्या विषयाचा जिताजागता धडा, आणि तो द्यायला मावशी! एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

मावशींच्या भावानं पेवाच्या तोंडावरची माती काढली, फरशी सरकवली. पोरींचे मावशींना प्रश्नांवर प्रश्न. माझ्याकडे एकीचंही लक्ष नाही. म्हटलं, बघाच आता. पदर खोचला आणि आत सोडलेल्या शिडीवर पाय ठेवला.

मावशींनी दंडाला धरून असं मागं ओढलं की मी मातीत बसलेच.

"अवो मॅडम, थांबा की! आदी कंदील सोडायचा."

दोरीला बांधलेला कंदील आत गेला आणि दोन हात खाली जाताच विझला.

बंद धान्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो जड असतो, तळापासून वर साचत येतो, त्यात माणूस गुदमरतो. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. मावशींना त्या वायूचं नावही ठाऊक नव्हतं.

"दिवा इजला की उतरायचं न्हाय, येवढंच," त्या पोरींना म्हणाल्या. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. आणि मला जीव वाचल्याचा आनंद व्हायच्या आधी राग आला, की वाचवलं ते हिनं.

सहलीचा अहवाल मी लिहिला. 'मार्गदर्शन' पुढे माझं एकटीचं नाव टाकलं. टाकताना हात अडखळला नाही, हेही सांगून टाकते. प्राचार्यांकडे कागद न्यायचं काम मावशींचं. दारात उभं राहून, ओळीखाली बोट धरून त्यांनी तो सावकाश वाचला. मग परत आल्या, माझ्यापुढे ठेवला.

"नावाखाली सही ऱ्हायली की, मॅडम," म्हणाल्या, आणि टेबलावरचं पेन उचलून माझ्या हातात दिलं.