गंगेच्या ईस्टला

मी कुठल्याही गावात कुणालाही रस्ता विचारत नाही. त्यामुळे माझं फिरणं बरंच झालेलं आहे.

रस्ता न विचारण्यामागे एक शास्त्र आहे. माझा जन्म घाटकोपरचा, नोकरी आणि बिऱ्हाड विक्रोळीला कंपनीच्या कॉलनीत, सासुरवाडी चेंबूरची. आमच्याकडच्या माणसाला लहानपणापासून एक गोष्ट पक्की ठाऊक असते. देव गाव करतो आणि त्याच्या मधोमध एक रेघ मारतो. रेघेच्या एका अंगाला ईस्ट, दुसऱ्या अंगाला वेस्ट, मध्ये एक पूल. एवढं कळलं की गाव कळलं! बाकीची देवळं, बाजार, शाळा हा सगळा तपशील.

या शास्त्रातून आमच्या घरात एक नियमही निघाला होता. मुलुंडला एका लग्नाला मी परस्पर कामावरून गेलो आणि सुनंदा, म्हणजे आमची बायको, घरून आली. मी वेस्टला उतरलो, ती ईस्टला. मी तिला शोधायला पूल ओलांडून ईस्टला गेलो, तोवर ती मला शोधायला वेस्टला! असं तीनदा झालं. चौथ्यांदा आम्ही पुलावर आपटलो एकमेकांवर.

"अगं, तू सारखी तिकडे का जातेस?"

"तुम्ही तिकडे असता म्हणून!"

"मी तुझ्यासाठी इकडे येतो ना!"

जेवणाची शेवटची पंगत उठली होती. त्या दिवशी उपाशीपोटी मी नियम केला: कुणी हरवलं की त्याने ईस्टला जाऊन उभं राहायचं. हलायचं नाही. हा नियम सुनंदाला पाठ, सासूबाईंनाही पाठ. पुढे सात-आठ वर्षं आमच्यात कुणी हरवलंच नाही, त्यामुळे नियम उत्तम आहे अशी माझी खात्री होती.

मग आली काशी. सासूबाईंना, आम्ही त्यांना माई म्हणतो, चाळीस वर्षं विश्वनाथाच्या दर्शनाची आस होती. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराला दिवाळीनंतर मला रजा मिळाली आणि मी जाहीर केलं, "माईंना काशी मी दाखवणार!"

मेहुणा प्रकाश जरा कुरकुरला. "भावजी, टूरबरोबर जा ना. ते सगळं नीट दाखवतात."

"अरे, टूरवाले मेंढरं हाकल्यासारखे हाकतात. काशी म्हणजे काय? घाट आणि गल्ल्या. मुंबईच्या माणसाला तू गल्लीची भीती घालतोस?"

"तसं नाही. पण आईला हिंदीचं अक्षर येत नाही. तिला एकटीला सोडू नका. आणि तेवढं दर्शन घडवा, बास."

"झालंच समज, यार!"

आमच्या हातात काशीत एकच दिवस होता. दुसऱ्या दिवशी पहाटेची परतीची गाडी. त्यात माईंनी धर्मशाळेतच सांगून टाकलं, "दर्शन होईसर मी पाणीव घेवचंय नाय." म्हणजे दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. वय सदुसष्ट. "माई, चहा तरी?" तर माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीही चहा अर्धा ठेवला.

सकाळी नावेत बसून घाट पाहिले. समोरच्या काठावर सूर्य उगवत होता आणि मी नावेत उभा राहून शास्त्र सांगत होतो. (नावाडी दोनदा म्हणाला, "बैठ जाइए." पण शिकवताना मला बसवत नाही.) "हे बघा, गंगा म्हणजे आपली रेल्वेलाइन. घाट ही स्टेशनं. आपण आहोत ती वेस्ट. सूर्य उगवतोय ती ईस्ट. आहे काय त्यात?"

माईंनी डोळ्यांवर हात धरून पलीकडे पाहिलं. "जावयबापू, थंय तर काय्येक नाय. निसती रेती!"

"माई, विक्रोळीच्या ईस्टला तरी काय होतं? खाजण! आता बघा, बँक आली, सोसायट्या आल्या."

घाटावर उतरून आम्ही विश्वनाथाच्या वाटेला लागलो. मी म्होरक्या, म्हणून दहा पावलं पुढे. गल्ली एवढी अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या दुकानांतला माल हाताला लागावा. तेवढ्यात बोळातून एक सांड आला आणि मधोमध उभा राहिला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सांडच! शेपटीकडे माई आणि सुनंदा, शिंगांकडे मी.

"अहो, आता?" सुनंदाचा आवाज सांडावरून आला.

"घाबरू नका! मी वळसा घालून मागून येतो!"

"आम्ही इथेच थांबू ना?"

"थांबा! म्हणजे नको! तो मागे सरकला तर?"

"मग कुठे जाऊ?"

"नियम आठवतो ना आपला?"

"अहो, पण..."

एवढ्यात सांडाने एक पाऊल पुढे टाकलं, आणि मी वळसा घालायला निघालो. (प्रामाणिकपणे सांगायचं तर पळालो.)

पहिलं वळण उजवीकडे, दुसरं उजवीकडे, तिसरं उजवीकडे. विक्रोळीत एवढ्यात माणूस घरी पोचतो. इथे मी एका पानवाल्यासमोर आलो. पुन्हा तीन वळणं घेतली, पुन्हा पानवाला. तिसऱ्या खेपेला तो सुपारी कातरता कातरता म्हणाला, "बाबूजी, चौथी बार आइएगा तो बैठ ही जाइएगा."

इतक्यात पुढे माईंसारखी पाठमोरी नऊवारी दिसली! तसाच हिरवा रंग, तसाच अंबाडा, तशीच पिशवी. मी धावत जाऊन पिशवीच धरली. "माई! सापडलात एकदाच्या!"

बाई वळल्या. सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि चष्म्याआड मास्तरीणबाईंचे डोळे. "आधी पिशवी सोडा," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या.

मी गार! काशीत मराठी?

"आमच्या सात पिढ्या इथल्याच. आपण वाट चुकलेले दिसता."

"मी? छे हो! माझ्या सासूबाई चुकल्यात. आणि बायको."

"दोघी एकत्र आहेत?"

"हो."

"आणि आपण एकटे?"

"हो."

"मग चुकलं कोण?"

प्रश्न अवघड होता.

"बरं, शेवटचं कुठे पाहिलंत त्यांना?"

"एक सांड होता, तिथे."

"काळा का पांढरा?"

"काळा. एक शिंग मोडकं."

"हां, तो! म्हणजे बांगड्यांच्या गल्लीत. चला, नेऊन सोडते."

सांडावरून पत्ता सांगणारी बाई मला आयती मिळाली होती. कुणीही शहाणा माणूस मुकाट्याने तिच्यामागे गेला असता. मी म्हणालो, "नको, त्या तिथे नसणार. आमच्यात नियम आहे. एव्हाना त्या नदीच्या पलीकडे पोचल्या असतील."

"पलीकडे? पलीकडे कोण जातं?"

"आमची माणसं जातात!" मी अभिमानाने सांगितलं आणि घाटाकडे सुटलो.

नावाड्यानेही तेच विचारलं. "उस पार? वहाँ क्या है?"

"मेरी सासूबाई है."

नावाड्याने ताबडतोब कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि वाटभर 'राम नाम सत्य है' पुटपुटत राहिला. (त्याचा काय समज झाला, ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.)

पलीकडे उतरलो. डावीकडे रेती. उजवीकडे रेती. समोर रेती आणि एक कुत्रा. माई नाहीत, सुनंदा नाही. मी डोकं चालवलं: बायका हळू चालतात, म्हणजे अजून घाटावर पोचायच्या आहेत. मी नावाड्याला सांगितलं, "तुम वापस जाव. दो लेडीज आएगी. एक बुढ्ढी, एक हमारी मिसेस. उनको लेके आने का!"

त्याने मान हलवली आणि तो गेला. नाव पार ठिपक्याएवढी झाली तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की ईस्टला आता परतीचं साधन उरलेलं नाही.

मी उभा राहिलो. तास गेला. मग नवीनच शंका आली. ईस्ट केवढी लांब आहे! त्या दुसऱ्या घाटावरून आल्या असतील तर दोन मैल खाली उभ्या असतील. जावं, तर नियमात हलायचं नाही. न जावं, तर त्या तिकडे नियमाने उभ्या आणि मी इकडे नियमाने उभा! मी शंभर पावलं पुढे जायचो, घाबरून शंभर पावलं मागे यायचो. कुत्रा आधी माझ्याबरोबर यायचा. नंतर त्याने मध्यावर बसून नुसतं बघायचं ठरवलं.

सूर्य कलायला लागला आणि माझी गंमत संपली. माईंच्या पोटात सकाळपासून अन्न नाही, घशात पाणी नाही, तोंडात हिंदी नाही. कुठे चक्कर येऊन पडल्या असतील तर? चाळीस वर्षांचं दर्शन राहिलं, पहाटे गाडी, आणि चेंबूरला प्रकाश दारात उभा राहून विचारणार, भावजी, आई कुठाय? मी तिथूनच विश्वनाथाला हात जोडले. समोर पन्नास कळस दिसत होते, त्यातला त्याचा कुठला तेही माहीत नव्हतं. म्हणून सगळ्यांनाच जोडले.

तेवढ्यात मागून आवाज आला. रेतीत काकड्या-कलिंगडांचं बी टाकणारा एक म्हातारा शेतकरी होता. "किसका इंतज़ार है, बाबू?"

"फॅमिली का."

"यहाँ आने को बोले थे?"

"बोला नहीं. हमारा रूल है."

त्याने माझ्या पायांखाली पाहिलं. "तो तनिक हट के खड़े होइए. यहाँ हम बीज डाले हैं."

ईस्टला उभं राहायची जागाही गेली!

उन्हं उतरता उतरता नाव आली. नावेत नावाडी एकटा. "मिला नहीं?"

"मिलीं ना. घाट पे बैठी हैं. माताजी बोलीं, हमको कहीं नहीं जाना, उन्हीं को ले आओ."

मी गेलो तेव्हा माई पायरीवर मांडी घालून बसल्या होत्या. कपाळाला चंदन, हातात द्रोण, द्रोणात रबडी. शेजारी सुनंदा, तिच्याही हातात द्रोण. आणि तिच्या शेजारी सोनेरी काड्यांचा चष्मा! बाईंनी माझा नाद सोडून सरळ मोडक्या शिंगाचा सांड गाठला होता. सांड त्या एका पावलापुढे हलला नव्हता, म्हणून या दोघीही हलल्या नव्हत्या. मग दर्शन झालं, अन्नपूर्णा झाली, बाईंच्या घरी वरणभात झाला, उरलेले घाट झाले. सगळी काशी झाली!

"अगं, पण आपला नियम?" मी सुनंदाला विचारलं.

"नियम हरवलेल्या माणसासाठी आहे ना? पाळला की तुम्ही!"

माईंनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. जीव एवढा भांड्यात पडला होता, की मी भर घाटावर त्यांच्या पाया पडलो.

"तुमच्या नावानपण हात जोडलंय हां, जावयबापू. देवाक सांगितलंय, आमचे जावय पलीकडे रेतीत उभे आसत."

"मग? देव काय म्हणाला?"

"काय म्हणतलो? थंय कित्याक म्हणान इचारी होतो!"

मी म्हटलं, तिथे कशाला ते मीच देवाला सांगतो, धावत जाऊन दर्शन घेऊन येतो. सुनंदाने शर्टाचं मागचं टोक धरलं. "एकटं जायचं नाही." आणि या दोघींचे पाय दुखत होते. पहाटे गाडी सुटली ती माझ्या दर्शनाविनाच.

आता कॉलनीत कुणी काशीला निघालं, की माहिती विचारायला आमच्याच घरी येतात. सुनंदा त्यांना बसवते, चहा देते, देवळं सांगते, घाट सांगते, रबडी कुठे चांगली ते सांगते. पलीकडच्या काठाबद्दल कुणाला काही विचारायचं असलं, तर मला हाक मारायची असं ठरलेलं आहे. मी आतल्या खोलीत तयार असतो. अजून कुणी मारलेली नाही.